ओरिन स्टाश्कोची मानाची इंजिनं

ओरिन स्टाश्कोकडे निळ्या रंगाच्या सात बाटल्या होत्या, आणि त्यांतला एकही निळा आमच्या पोलिसांच्या गाडीचा नाही अशी त्याची तक्रार होती. शेवटी त्यानं दोन निळे एकत्र करून त्यात थेंबभर काळा टाकला, तो रंग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फासला आणि तो तुकडा चौकीबाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या दाराला लावून बघत बसला. आतून शिपाई बाहेर आला.

"काय रे ओरिन, गाडी खरवडतोयस की काय?"

"गाडी उन्हात लावलीयस तू. सावलीत घे जरा. मला रंग कळत नाहीये."

शिपायानं मुकाट्यानं गाडी सावलीत घेतली. आमच्या कॅल्डर्स रन गावात ओरिनला कोणी नाही म्हणत नसे.

एकतीस वर्षं त्यानं खरी इंजिनं रंगवली होती, रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यात. निवृत्त झाल्यावर तो तळहाताएवढी रंगवू लागला. आमचा छोट्या आगगाड्यांचा क्लब जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे. तिथे चाळीस फूट लांबीच्या मांडणीवर डोंगर, बोगदे, पूल आणि आमचंच गाव उभं केलंय, सगळं खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. रूळ आणि तारा पुरुषांकडे, डोंगर आणि झाडं माझ्याकडे. मी आर्डिस विंक्लर. गावच्या वाचनालयात छत्तीस वर्षं काम करतेय. क्लबातली पहिली बाई मीच, आणि अजून दुसरी कोणी आलेली नाही.

ओरिनच्या मानाच्या इंजिनांची सुरुवात रस लेंकरपासून झाली. रस आमच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा कॅप्टन. पशुखाद्याच्या गिरणीला आग लागली तेव्हा छत त्याच्यावर कोसळलं. अंत्ययात्रेनंतर तीन आठवडे ओरिन कोणाला दिसला नाही. मग आला तो एक लाल इंजिन घेऊन. बाजूनं पांढरा पट्टा, बंबाचा होता तोच सोनेरी चौदा आकडा, आणि चालकाच्या खिडकीखाली रसचं नाव, भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतकं बारीक.

मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेला, म्हणजे लढाईत गेलेल्यांच्या स्मृतिदिनाला, आम्ही क्लब गावाला खुला करतो. त्या वर्षी रसची बायको मार्लीन आली. ओरिननं इंजिन चालवायचं बटणांचं खोकं तिच्या हातात दिलं. तिनं ते इंजिन अकरा वेळा गावाभोवती फिरवलं. डोळ्यांतून टिपूस नाही.

"जोरात नाही का जात हे?" तिनं विचारलं.

"वळणावर पडेल."

"तोही पडायचाच की," मार्लीन म्हणाली आणि खोकं त्याला परत दिलं.

तेव्हापासून लोक येऊ लागले. कोणाचा मुलगा रुग्णवाहिकेवर होता, कोणाचा बाप कोरियाच्या लढाईतून पाय गमावून आलेला, कोणाची बहीण सैन्यात परिचारिका. ओरिन प्रत्येकाकडून तुकडीचं चिन्ह, गणवेशाचा रंग, गाडीचा क्रमांक मागून घ्यायचा. चुकीचा रंग लावण्यापेक्षा न लावलेला बरा, असं तो म्हणायचा. एका इंजिनासाठी दोन-दोन महिने घ्यायचा. बारा वर्षांत एकतीस इंजिनं झाली. ती काचेच्या कपाटात ओळीनं उभी असायची आणि वर्षातून एकदा सगळी एकामागून एक धावायची.

पण शोक झालेल्या घरी जाऊन बसणं, दोन शब्द बोलणं हे ओरिनला जमत नसे. ते काम गिलचं.

गिल राडमाकर आमचा अध्यक्ष. भरदार अंगाचा, आवाज असा की हळू बोलला तरी खोली गप्प व्हायची. कारखान्यात तो विजेचं काम बघायचा आणि ओरिनच्याच पाळीत होता. व्हिएतनामच्या लढाईत तो सैनिकांवर औषधोपचार करणाऱ्या तुकडीत होता. कोणाच्या घरी गेला की सोफ्याच्या कडेला बसायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "मी तिकडं बघून आलोय." एवढं म्हटलं की लोक त्याला सगळं सांगायचे. ओरिन रंग लावायचा, गिल माणसं सांभाळायचा, असं ते जोडकाम होतं.

त्या दोघांचं नातं मात्र इंजिनांच्या कितीतरी आधीचं. त्याचं मूळ ओरिनच्या आईच्या स्वयंपाकघरात होतं.

ओरिनचा थोरला भाऊ एमिल एकोणसत्तर साली व्हिएतनाममध्ये मारला गेला. वय वर्षं एकवीस. दोन लष्करी अधिकारी दारात आले, एक कागद वाचून दाखवला आणि गेले. पेटी आली ती बंद. उघडू नका, असं सांगण्यात आलं. घरातला एक मुलगा असा गेला की उरलेल्या एकट्या मुलाला सैन्यात नेत नसत, म्हणून ओरिनला बोलावणं आलं नाही. त्याच्या वर्गातले अकरा जण सैन्यात गेले. हा कारखान्यात डबा घेऊन जात राहिला. त्याबद्दल त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही झाडांना गोंद लावता लावता. "माझ्या वाट्याचं त्यानं भरलं, आर्डिस. मला ते परत फेडायला जागाच नाही."

त्याची आई ॲना सहा वर्षं एकच प्रश्न घेऊन बसली होती. त्याला दुखलं का? पाद्र्याला विचारायची, डॉक्टरला विचारायची, परगावच्या अनोळखी सैनिकांना दुकानात थांबवून विचारायची.

पंचाहत्तर साली गिल कारखान्यात नवीन लागला आणि ओरिननं त्याला रविवारी घरी जेवायला नेलं. अंगात सैनिकी कोट होता. ॲनाबाईंनी हालुश्की वाढली, कोबी आणि शेवया लोण्यात परतलेल्या, आणि उभ्याउभ्याच विचारलं, "पोरा, तू तिकडं होतास?"

"होतो, मिसेस स्टाश्को."

"कुठं?"

गिलनं एक प्रांत सांगितला. एमिल गेला तोच. पुढचं सगळं ओरिननं मला इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथं बसले होते असं वाटतं. ॲनाबाईंच्या हातातला झारा खाली पडला. त्यांनी भिंतीवरचा एमिलचा फोटो काढून गिलपुढे ठेवला. गिलनं तो बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "उंच होता ना? रेल्वेच्या गावचा?" मग त्यानं सांगितलं की हा मुलगा त्याच्या तंबूत आणला होता. दुखू नये म्हणून औषध दिलं होतं, त्याला काही दुखलं नाही. शेवटपर्यंत हात गिलच्या हातात होता. आणि तो म्हणाला, माझ्या धाकट्याला सांग, माझ्या गाड्या सांभाळ.

ॲनाबाई गिलचा तो हात धरून बसल्या. त्याच हातात एमिलचं मनगटी घड्याळ त्यांनी स्वतः बांधलं. ओरिन सांगायचा, "त्या दिवसापासून आई झोपायला लागली. चर्चमध्ये गायला लागली." तेवीस वर्षांनी त्या वारल्या तेव्हा गिलनं खांदा दिला. आणि ओरिनच्या इंजिनांमध्ये एमिलचं इंजिन झालं, नववं, तेव्हा मेमोरियल डेला गिलनं सगळ्या गावासमोर ती गोष्ट उभी राहून सांगितली. मी मागच्या रांगेत रडत होते. सगळेच रडत होते.

आता जे घडलं ते ओरिनच्या चांगुलपणातून घडलं, याचंच मला वाईट वाटतं.

दोन हजार तेवीसच्या मेमध्ये गिलला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. ओरिननं ठरवलं, बत्तिसावं इंजिन गिलचं. आजवर गेलेल्या किंवा गावाबाहेरच्या माणसांचीच झाली होती. हे पहिलंच असं की ज्याचं नाव आहे तो स्वतः ते चालवणार. पण गिलला न सांगता करायचं, म्हणजे त्याला तुकडी विचारता येईना. जानेवारीत ओरिन वाचनालयात आला आणि टोपी हातात घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

"तू म्हणाली होतीस ना, सैन्याच्या दप्तराला लिहून विचारता येतं?"

येतं. माणूस हयात असला तरी तो कधी होता, कुठं होता, कोणती पदकं मिळाली, एवढी मोजकी माहिती कोणालाही मागता येते. अर्ज मीच भरला. पत्ता ओरिनचा दिला.

उत्तर एप्रिलच्या सुरुवातीला आलं. ओरिन ते घेऊन माझ्याकडे आला, लिफाफ्यासकट, आणि म्हणाला, "हा दुसरा कोणी राडमाकर दिसतोय." मी वाचलं. जन्मतारीख गिलची होती. भरती झाला ते गावही गिलचंच होतं. सदुसष्ट ते एकोणसत्तर, सैन्यात. जॉर्जिया राज्यातल्या एका छावणीत, कपडे आणि चादरींच्या कोठारात कारकून. परदेशी नेमणूक नाही. औषधोपचाराच्या तुकडीशी संबंध नाही. दोन वर्षं पूर्ण करून घरी.

"दुसरा नाही, ओरिन," मी म्हणाले.

तो खुर्चीत बसला. वाचनालयात त्या वेळी एक म्हातारी विणकामाची मासिकं चाळत होती. ती जाईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "मग एमिलचा हात कोणाच्या हातात होता?"

मी कागदाची घडी करून तो लिफाफ्यात घातला.

दोन आठवडे त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. क्लबात येत होता. गिलबरोबर रूळ साफ करत होता. मला वाटतं, कागदात चूक निघावी म्हणून तो थांबला होता. त्यानं दप्तरात फोन करून पुन्हा विचारलं, उत्तर तेच आलं. मग एका शनिवारी सकाळी, आम्ही तिघंच होतो, त्यानं ते बत्तिसावं इंजिन रंगवायच्या टेबलावर ठेवलं. सैनिकी हिरवा रंग, बिनअक्षराचं. मी पलीकडे डोंगराला गवत लावत होते.

"हे कोणाचं?" गिलनं विचारलं.

"तुझं. खिडकीखाली कोणती तुकडी लिहू ते सांग."

गिलचा चेहरा खुलला. खरंच खुलला, ते मला अजून आठवतं. "अरे वेड्या! मला कशाला? मी काय मेलोय का?" आणि मग त्यानं तुकडीचं नाव सांगितलं. अडखळला नाही. वर म्हणाला, "लाल क्रॉस छोटा ठेव हां, तिकडं आम्ही तो झाकून ठेवायचो. नेम धरायचे ना त्याच्यावर."

ओरिननं खिशातला कागद काढून इंजिनाशेजारी ठेवला.

गिलनं चष्मा लावला. वाचला. चष्मा काढला. बाहेरून मालगाडी जात होती, खरी. तिचे डबे संपल्यावर त्यानं विचारलं,

"हे तू मागवलंस?"

"तुला खूश करायला मागवलं होतं."

"ओरिन, ऐक. तुझी आई माझ्यासमोर उभी होती. हातात झारा. तू नव्हतास बघत तिच्याकडं, मी बघत होतो. मी नाही म्हणालो असतो तर..."

"नाही म्हणाला असतास तर तिनं तुला दुसऱ्यांदा शेवया वाढल्या असत्या. एवढंच झालं असतं."

"ती झोपायला लागली. तूच सांगतोस सगळ्यांना."

"हो, मीच सांगतो. अठ्ठेचाळीस वर्षं तुझं खोटं मीच गावभर सांगत फिरलो." ओरिनचा आवाज चढला नव्हता. "माझ्या गाड्या सांभाळ, असं म्हणाला होता ना तो? मी त्या शब्दांवर जगलो, गिल. हे सगळं" – त्यानं कपाटाकडे बोट केलं – "हे सगळं मी त्यासाठी केलं. ते वाक्य कोणाचं होतं?"

गिल खाली बघत होता. "तूच मला कारखान्यात सांगितलं होतंस, एमिलला गाड्यांचं वेड होतं म्हणून. मला वाटलं, तुझ्यासाठीही काहीतरी असावं."

हे ऐकून ओरिन हसला. तसलं हसणं मी त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

गिलनं मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. ओरिननं ते उचललं, तळहातावर घेतलं. "हे तेवढं खरं आहे," म्हणाला आणि खिशात टाकलं. मग माझ्याकडे न बघताच "येतो, आर्डिस" म्हणून निघाला. काचेच्या कपाटातून त्यानं एकच इंजिन नेलं, एमिलचं.

त्याला वाटलं असेल की घरी तरी मोकळं होता येईल. डोलोरेसशी त्याचं लग्न शहात्तर साली झालं, म्हणजे ती गोष्ट घरात रुजली तेव्हाच ती सून होऊन आली. पुढचं मला डोलोरेसनंच सांगितलं, माझ्या मागच्या पायरीवर बसून. ओरिननं टेबलावर कागद ठेवला, घड्याळ ठेवलं, सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सोलणं थांबवलं नाही. त्यावरूनच त्याला कळलं.

"तुला माहीत होतं."

"जेनेटनं सांगितलं होतं." जेनेट म्हणजे गिलची बायको, तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. "एक्याण्णवमध्ये. रडत होती. म्हणाली, त्याला थांबवता येत नाही आता."

"बत्तीस वर्षं?"

"तुझी आई होती तोवर कसं सांगू? आणि ती गेल्यावर तू त्या इंजिनांत रमलास. तू सुखी होतास रे. मी तुला जन्मात तेवढा सुखी बघितला नव्हता."

"त्या मेमोरियल डेला तू माझ्या शेजारी बसली होतीस. तो एमिलचं मरण सांगत होता आणि तू माझा हात धरून बसली होतीस."

"हो," डोलोरेस म्हणाली.

तिनं मला विचारलं, "मी दुसरं काय करायला हवं होतं, आर्डिस?" मी तिला कॉफी दिली.  माझंही एक गुपित आहे, ते इथंच सांगून टाकते. नव्वदच्या दशकात गिल वाचनालयातून लढाईच्या आठवणींची पुस्तकं न्यायचा. सगळी शिक्का मारून मीच द्यायची, आणि परत आली की मीही वाचायची. एका पुस्तकात लाल क्रॉस झाकून ठेवण्याचा प्रसंग होता. पुढच्याच वर्षी गिलच्या तोंडून तो ऐकला, स्वतःचा म्हणून. तेव्हा माझ्या मनात खट्ट झालं. मग स्वतःला म्हटलं, होत असेल दोघांच्या बाबतीत तसंच. मला पुढे विचार करायचा नव्हता. हे मी ओरिनला अजून सांगितलेलं नाही.

ओरिन त्या रात्रीपासून पलीकडच्या खोलीत झोपू लागला. भांडण नाही, आदळआपट नाही. ती वाढायची, तो जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा.

मेमोरियल डेला तीन आठवडे असताना क्लबाची बैठक झाली. गोष्ट तोवर फुटली होती. आम्ही अकरा जण. ओरिन शेवटच्या खुर्चीत. गिल उभा राहिला आणि म्हणाला, "मी सैन्यात होतो. मला जिथं पाठवलं तिथं गेलो. चादरी मोजायला लावल्या, मोजल्या. बाकी जे बोललो, ते एका आईसाठी बोललो. तुम्हाला नको असेन तर जातो."

दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग खजिनदार म्हणाला, "माणूस म्हणून गिलनं या गावासाठी काय कमी केलंय? कोणाच्या घरी गेला नाही तो?" दुसरा म्हणाला, "ओरिन, तुझं दुःख कळतं रे. पण इतक्या वर्षांनी? आणि आत्ताच? तीन आठवड्यांवर कार्यक्रम आलाय." ओरिनलाच समजूत घालायला लागले सगळे, जणू त्यानंच काहीतरी फोडलं होतं. मत घेतलं. गिल अध्यक्ष राहावा म्हणून आठ हात वर गेले. माझा हात मांडीवरच राहिला, त्याचा मला अभिमान नाही. विरोधात वर करता आला असता.

ओरिननं किल्ली टेबलावर ठेवली. "इंजिनं त्या त्या घरांची आहेत," एवढंच म्हणाला. "त्यांना विचारून चालवा."

कोणी विचारलं नाही. पण मार्लीन लेंकर आपण होऊनच आली. कार्यक्रमाच्या दिवशी, भर दुपारी, लोक खच्चून भरलेले. गिल दारात उभा राहून हस्तांदोलन करत होता. ती त्याच्यासमोर थांबली.

"रस गेला तेव्हा तू माझ्या घरी आला होतास, गिल. तू म्हणालास, अशा वेळी माणसाला शेवटी काही कळत नाही. मी बघितलंय, म्हणालास. बघितलं होतंस?"

गिलनं पुढं केलेला हात मागे घेतला.

"हो की नाही, एवढंच सांग."

"मार्लीन, इथं नको."

"मग कुठं? पुन्हा माझ्या घरी येणार आहेस?"

ती कपाटापाशी गेली, लाल इंजिन काढलं, पर्समधल्या रुमालात गुंडाळलं आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडली. तिच्यामागे आणखी चार घरची माणसं आपापली इंजिनं घेऊन गेली. उरलेली आम्ही चालवली. मी बटणांच्या खोक्याला हात लावला नाही, सरबत वाढत राहिले. गिलनं पुढच्या महिन्यात आपण होऊनच पद सोडलं आणि मुलीकडे ओहायोला गेला. जाताना मला भेटायला आला होता. मी दार उघडलं, पण आत ये म्हणाले नाही.

ओरिन त्या उन्हाळ्यात पत्रं लिहीत बसला. एमिलच्या तुकडीतल्या हयात माणसांचा एक संघ आहे. त्यांच्या यादीतून मी पत्ते काढून दिले. चौदा पत्रं गेली. नऊ जणांची उत्तरं आली नाहीत, चार जणांनी कळवलं की एमिल आठवत नाही. चौदाव्याचं उत्तर मिनेसोटाहून आलं. लिहिणाऱ्याचं नाव टोर्वाल हाउगेन. पत्र एका पानाचं, पेन्सिलीनं लिहिलेलं.

त्यानं लिहिलं होतं की स्टाश्को त्यांच्यात फक्त एकोणीस दिवस होता. तो उंच होता असं त्याला वाटतं. त्या दिवशी हाउगेन स्वतः त्याच्यापासून शंभर-दीडशे पावलांवर होता. धूर होता, आवाज होता. स्टाश्कोजवळ कोणी पोचलं तोवर अर्धा तास गेला होता. 'त्याला दुखलं की नाही मला माहीत नाही. तुम्हाला काहीतरी बरं सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, पण मला खरंच माहीत नाही. आणि इतक्या वर्षांनी मी त्याला दुसऱ्या कोणाशी घोटाळत तर नाही ना, हेही नक्की सांगता येत नाही.'

ओरिननं ते पत्र मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"म्हणजे तो एकटाच होता," मी म्हणाले.

"हो." त्यानं पत्र परत घेतलं, घडी घातली. "अर्धा तास." मग म्हणाला, "पण बघ ना, या माणसाला माहीत नाही तर तो माहीत नाही म्हणतोय."

आमच्या डोंगरांपलीकडे दोनदाच गेलेला माणूस तो. सप्टेंबरमध्ये त्यानं गाडी काढली आणि मिनेसोटाला निघाला, दोन दिवसांचा प्रवास, एकटा. डोलोरेसनं हॅमचे सँडविच बांधून पुढच्या सीटवर ठेवले. ती म्हणाली, "पोचलास की फोन कर." त्यानं मान न वळवता गाडी सुरू केली. पण सँडविच नेले, आणि पोचल्यावर फोन केला. ती फोनजवळच बसून होती, हेही मला तिनंच सांगितलं.

परत आला तेव्हा मी अंगणात पानं गोळा करत होते. गाडी माझ्या कुंपणाशी थांबवून त्यानं काच खाली केली.

"मग? भेटला?"

"भेटला. गुडघे गेलेत त्याचे. बायको आंधळी झालीय, तोच स्वयंपाक करतो. दुपारभर बसलो."

"एमिलचं काही आठवलं का त्याला?"

"नाही. मी फोटो दाखवला. बराच वेळ बघितला त्यानं आणि म्हणाला, नाही रे, माफ कर." ओरिन समोरच्या रस्त्याकडे बघत होता. "मग आम्ही मक्याच्या पिकाबद्दल बोललो. मासा तळला होता त्यानं. जरा करपला होता, पण चांगला होता."

मी दाताळ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी राहिले. मला वाटलं, आत्ता सांगावं, त्या पुस्तकाचं. तोंड उघडलंही होतं.

"पुढच्या वर्षी परत बोलावलंय," ओरिन म्हणाला. "डोलोरेसलाही घेऊन ये म्हणाला. बघू." आणि त्यानं गाडी सुरू केली.